शालनच्या कपाळाचा रंग

एकाहत्तर साल. मी बावन्न वर्षांचा होतो, अंगात रग होती, आणि चिखलीत माझ्या शब्दावर कुणी वरचढ शब्द बोलत नव्हतं. शालन, तू वीस वर्षांची, कासारवाडीची, पिंपरीच्या कॉलेजात जाणारी. तिथनंच सुरू करतो. बाकीचं सांगायला माणसं पुष्कळ आहेत.

परवा तुझ्या शाळेतले दोन मास्तर आले होते. म्हणाले, बाईंच्या आठवणीचा अंक काढायचाय, जन्म कधीचा, शिक्षण किती, नोकरीला कधी लागल्या, एवढं सांगा. मी म्हणालो, ते माझ्या सदाला विचारा, त्याची बायको होती. माझं मी लिहून देतो, माझ्या हातानं. ते एकमेकांकडं बघायला लागले. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस, हे त्यांना ठाऊक. त्यांचं ते बघणं बघितलं आणि मी हट्टालाच पेटलो. तू असतीस तर लाल पेन्सिल घेऊन शेजारी बसली असतीस, "मामा, इथं दीर्घ" म्हणत. आता नाहीस. आता माझे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या मर्जीचे.

तुझा दहावा झाला, तेरावा झाला. घर माणसांनी भरलंय आणि माझ्याशी कुणी भांडत नाही. मी म्हणेन त्याला सगळे "हो आण्णा, बरं आण्णा" करतात. मी चूक बोललो तरी हो. सासऱ्याला मामा म्हणायचं आणि त्याच मामाच्या तोंडावर "साफ चूक आहे तुमचं" असंही म्हणायचं, हे या घरात एकच माणूस करत होतं. आपलं ते एक भांडण तर अर्धंच राहिलं. मी अजून मागं हटलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सदा पलटणीतनं सुट्टीवर आला तेव्हा साखरपुडा उरकला. तुझ्या आत्याबाईनं, म्हणजे माझ्या कारभारणीनं, तुझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली. माझी थोरली बहीण, तळवड्याची आक्का, तिनं तुझ्या तोंडात साखर घातली. आमच्यात एकदा कुंकू लागलं की पोरगी आमची. पुढचं लग्न म्हणजे मांडव आणि जेवणं. ते तुळशीचं लग्न लागल्यावर धरलं होतं, तेव्हा सदाला परत सुट्टी मिळणार होती.

मिळाली नाही. दिवाळी कोरडी गेली. कार्ड आलं त्यात एवढंच, मी बरा आहे, सुट्ट्या बंद झाल्यात, काळजी करू नये. कुठनं लिहिलंय ते नाही. चावडीपुढं रेडिओ लागायचा आणि माणसं उभ्यानं बातम्या ऐकायची, बसायचं कुणाला सुचायचं नाही. पिंपरीच्या कंपन्यांनी खिडक्यांना काळा कागद चिकटवला. दिवस मावळला की भोंगा व्हायचा आणि दिवे घालवायचा सराव चालायचा. लढाई अजून लागली नव्हती, पण लागणार हे लहान पोरालाही कळत होतं.

आणि तू नाटकात.

नाटकाचं मला माहीत होतं. दसऱ्याला वडलांबरोबर घरी आली होतीस, तेव्हा जाताना आत्याबाईला हळूच विचारलंस, "मामांचा एखादा जुना फेटा मिळेल का? नाटकात सरपंच आहे एक." मी ओसरीवरनं ओरडलो, "जुना कशापायी? नवा न्या. सरपंच काय भिकार दिसायचा व्हय?" फेटा दिला, वर धोतर दिलं. मला वाटलं कॉलेजातलं नाटक, पोरं मिशा लावणार, इकडनं तिकडं पळणार, झालं. सरपंच कशासाठी लागतो ते मी विचारलं नाही.

मग एका सकाळी आक्का तळवड्याहनं तरातरा चालत आली. ओसरीवर टेकलीसुद्धा नाही.

"रावजी, तुझी सून नाटकात रांडाव व्हती म्हणं. चार लोकांम्होरं कुंकू पुसती."

"तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या नंदंच्या पोरानं. त्यो तिथंच शिकतो, त्यानं डोळ्यांनी बघितलंय. तालीम का काय चालती त्यांची. तालीम म्हंजी रोज, रावजी! तुझं पोरगं हद्दीवर, आन् ही रोज कुंकू पुसती!"

रोज, हा शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. भाकरी तशीच टाकून मी सायकल काढली.

तुमच्या कॉलेजात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते तसं, घामानं निथळत. एका वर्गात बाकं भिंतीला सारलेली, जमिनीवर खडूनं रेघ मारलेली. रेघेच्या अलीकडं लोक, पलीकडं तुमचं स्टेज. माझा फेटा घालून एक काटकुळा पोरगा उभा होता, फेटा त्याच्या भुवयांवर आलेला. चष्मेवाला प्रभाकर हातात कागद घेऊन. त्यानंच ते नाटक लिहिलेलं. कोपऱ्यात स्टुलावर रंगाची पेटी मांडीवर घेतलेले एक म्हातारे मास्तर, तोंडं रंगवणारे, पुण्याहून यायचे. आणि मधे तू, पदर खोचलेली. तुझा हात कपाळाकडं चालला होता.

"हात खाली!" मी दारातनंच ओरडलो.

सगळे दचकले. तू दचकली नाहीस. हात खाली घेतलास, माझ्याकडं आलीस, आणि एवढ्या पोरांदेखत वाकून पाया पडलीस. मग तोंड वर केलंस. "बघा मामा. कुंकू आहे तसं आहे. तालमीत मी नुसता हात फिरवते. लावलेलं आजवर एकदाही पुसलेलं नाही."

मी बघितलं. खरंच होतं. सकाळी लावलेलं, गोल, वाटाण्याएवढं.

"आन् खेळाच्या दिवशी?"

"खेळाच्या दिवशी पुसणार."

"आमचं कुंकू?"

"नाटकातल्या बाईचं."

"कपाळ कुणाचं?"

तू थांबलीस. मला वाटलं, सापडली.

"कपाळ माझं," तू म्हणालीस.

असं उत्तर मला तोवर कुणी दिलेलं नव्हतं. प्रभाकर मधे पडला, "आण्णासाहेब, ते खरं नसतं, ते एक प्रतीक..." मी म्हणालो, "तू गप. आन् तू रं, आदी माझा फेटा काढ डोक्यावरचा." त्या काटकुळ्यानं घाईघाईनं काढला, तो सुटून त्याच्या गळ्यात आला. एक पोरगी फिस्सकन हसली. तू नाही हसलीस.

तू मला खिडकीशी नेलंस आणि समजावून सांगितलंस. एका शिपायाची बायको. त्याची तार येते. सरपंच गावाला घेऊन येतो, साडी-नारळ देऊन तिचा सत्कार करणार, भाषण करणार. पण त्याआधी रीत म्हणून बायका पुढं सरकतात, तिचं कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला. "प्रभाकरनं लिहिलं होतं की ती बेशुद्ध पडते," तू म्हणालीस. "मी म्हटलं, बाई बेशुद्ध पडत नाही. आमच्या चाळीतल्या वत्सलाकाकींचे मिस्टर पासष्टच्या लढाईत गेले. तार आली तेव्हा मी त्यांच्या दारात होते. बायका जमल्या, पुढं झाल्या. काकी म्हणाल्या, हात लावू नका. आणि स्वतःच्या हातानं पुसलं. एकदाच. मामा, सगळं नाटक तेवढंच आहे. ते काढलं तर राहिला तुमचा फेटा."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तुला वाटलं मी ऐकत नाही. मी ऐकत होतो, पण जे ऐकलं ते नको होतं.

"माझा पोरगा हद्दीवर हाय," मी म्हणालो. "कुंकू त्याच्या नावाचं हाय. तू पुसलंस तर त्याचं पुसलंस, मी दुसरं काय समजायचो न्हाई. सोयरीक मोडली. दुसऱ्या दिवशी नारळ तुझ्या बापाच्या दारात."

"त्यांना लिहून विचारते मी."

"पत्र जाऊन यायला म्हैना लागतो. खेळ कधी हाय?"

"येत्या रविवारी."

"मग इचार खुशाल."

तुझे ओठ थरथरले. रडशील असं वाटलं. तू रडणाऱ्यातली नव्हतीस, रागानं थरथरत होतीस. तेवढ्यात कोपऱ्यातले रंगवणारे मास्तर उठून आले. म्हणाले, "पाटील, कुंकू लावूच नका. माझ्याकडं तेलात घोटलेला लाल रंग आहे, कांडी. लांबनं कुंकूच दिसतं. कुंकू नाहीच, तर पुसलं कुठं?"

मला ते पटलं. खरं म्हणजे मला वाट पाहिजे होती. "रंग चालंल," मी म्हणालो.

तू म्हणालीस, "मला नाही चालणार. मामा, कुंकू कोरडं असतं, एका हातात जातं. तेलातला रंग जायचा नाही. पसरेल, फराटे उठतील. लोक हसतील."

"हसू दे की."

"माझ्यावर हसतील!"

"कुंकू पुसायचं न्हाई. एवढंच माझं म्हणणं. रंग काय करायचा तो कर."

तू एकदा पोरांकडं बघितलंस. पोरं खडूच्या रेघेपलीकडं तशीच उभी. मग विचारलंस, "आणि मग सोयरीक राहील?"

"ऱ्हाईल."

"शब्द?"

"माझा शब्द चिखलीत इचार."

"बरं," तू म्हणालीस. "रंग."

तेव्हा मला वाटलं मी जिंकलो. सायकलवर बसून घरी येईपर्यंत वाटत होतं. तू माझ्या शब्दापुढं वाकलीस की सदासाठी नमतं घेतलंस, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं का, तेही आता कुणाला विचारू.

संध्याकाळी दिवे घालवायचे म्हणून त्या रविवारी खेळ दुपारी ठेवलेले. चिंचवडातला कामगारांचा हॉल, खिडक्यांना काळे कागद, आत भट्टीसारखं उकडत होतं. पाच-सहा कॉलेजांची नाटकं, समोर नंबर देणारे तिघं कोट घालून. मागं शिफ्ट सुटलेली कंपनीची पोरं बाकांवर पाय टाकून बसलेली. मी, तुझी आत्याबाई आणि आक्का पहिल्या रांगेत, कडेला. आक्का हट्टानं आली होती. मी कडेची जागा धरली, वेळ पडली तर उठून सरळ स्टेजवर जाता यावं म्हणून. तुझा बाप आमच्यामागं बसला होता. तो गरीब माणूस, कंपनीत स्टोअर सांभाळायचा. सगळा वेळ टोपी हातात घेऊन.

पडदा वर गेला आणि सरपंच आला. फेटा आता नीट बसवलेला. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आधी खाकरला, मग डावी मिशी चोळली, मग बोलला. हॉल हसला. आक्का माझ्या दंडाला धरून कुजबुजली, "रावजी! ह्यो तर तूच की रं!"

तू त्याला शिकवलं होतंस. साखरपुड्याच्या दिवशी ओसरीवर मान खाली घालून बसली होतीस, आणि सगळं टिपलं होतंस. दहा वर्षं विचारत होतो, तू कबूल झाली नाहीस. "सगळे सरपंच असेच खाकरतात मामा." मी काय सरपंच नव्हतो. तेवढं तरी बघायचंस.

मग तू आलीस. मी त्याआधी तुला पाच-सहा वेळा बघितलं असेल, पण ही तू नव्हतीस. चालणं निराळं, आवाज निराळा. दळणाची पाटी उतरवलीस तर ती जड वाटली, आत काही नव्हतं हे मला माहीत असून. तार आली. तू तार वाचली नाहीस, वाचता न येणाऱ्या बाईसारखी नुसती उलटसुलट केलीस आणि घडी घालून कमरेला खोचलीस. आक्काचं कुजबुजणं बंद झालं.

पाच-सहा पोरी नऊवारी नेसून पुढं सरकायला लागल्या. हळूहळू. हात पुढं. मी पुढं सरकून बसलो.

"हात लावू नका," तू म्हणालीस.

ओरडली नाहीस. पण त्या पोरी जागच्या जागी थांबल्या, आणि खरं सांगतो, मागच्या बाकावरची हालचालसुद्धा थांबली. तू उजवा हात वर नेलास आणि कपाळावरनं ओढलास.

रंग गेला नाही. तू म्हणाली होतीस तसंच झालं. त्या गोलाचा एक लांब फराटा झाला, भुवईपासनं कानशिलापर्यंत. मागं कुणीतरी खिदळलं. मग दुसरं. तू बोटांकडं बघितलंस. ते बघणं नाटकातलं नव्हतं, मला कळलं, कारण प्रभाकर पडद्याच्या कडेला डोकं धरून उभा होता. तू परत हात फिरवलास. आणखी पसरलं. पदराचं टोक घेऊन घासलंस, पदर लाल झाला, कपाळ केसांपर्यंत लाल झालं. हसणं वाढत होतं. मला वाटलं, आता ही आत पळणार.

तू पळाली नाहीस. पदर सोडलास. ताठ उभी राहिलीस, त्या पोरींकडं नाही, हसणाऱ्यांकडं नाही, सरपंचाकडं बघत. माझ्या फेट्याकडं.

"जात नाही," तू म्हणालीस. "सरपंच, बघा तुम्ही. जात नाही हे."

कुणी गळा धरावा तसं हसणं थांबलं. सरपंचाला पुढं मोठं भाषण होतं. तो काटकुळा भाषण विसरला. उभा राहिला, तुझ्याकडं बघत राहिला, आणि त्यानं डोक्यावरचा फेटा उतरवला. तेही नाटकात नव्हतं. तसाच पडदा पडला.

मी उठणार होतो. उठलो नाही. का, ते तुला आजवर सांगितलेलं नाही.

सगळी नाटकं होऊन नंबर लागल्यावर बाहेर आलो तर आक्का पेटलेली. "कुंकू नव्हतं म्हणं! लाल ते लाल! देवाला काय कळतं रं, त्यालातलं का कोरडं?" लोक वळून बघायला लागले. "असली अवदसा घरात आणायची न्हाई. उद्या सकाळी मी येती तुझ्याकडं. नारळ परत द्यायचा. तू देत नसशील तर मी देती."

तुझा बाप पुढं आला. टोपी अजून हातातच. "रावजीराव, पोर लहान आहे. चुकलं असेल तर..."

आणि मागनं तू आलीस, तोंड न धुता, कपाळ तसंच लाल. हातात दुसऱ्या नंबरचा बिल्ला. चाळीतल्या पोरी तुझं नाव घेऊन ओरडत होत्या. तू सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिलीस. "मामा, मी शब्द पाळला."

तुझ्या आवाजात विनवणी नव्हती. तू माझा शब्द मागत होतीस, सगळ्यांदेखत.

आक्कासमोर, तुझ्या बापासमोर, एवढ्या माणसांत माझ्या तोंडातनं शब्द फुटेना. मी पाठ फिरवली आणि बैलगाडीकडं चालायला लागलो. माझ्या पाठीवर तुझी नजर होती, ती मला चिखली येईपर्यंत टोचत होती.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. लढाई लागली, संपली. सदा आला. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. तू बी.ए. झालीस, शाळेत लागलीस, लेक मनी झाली. स्टेजवर तू स्वतः परत उभी राहिली नाहीस. मी नको म्हटलं नव्हतं, तू विचारलं नव्हतंस. तू शाळेतल्या पोरांना उभं केलंस, गणपतीत चिखलीच्या बायकांना उभं केलंस, त्यांच्या नवऱ्यांशी भांडून. माझे फेटे मात्र दर वर्षी गेले, आणि एकही धड परत आला नाही.

आणि आपलं भांडण. रोजच्या चहासारखं. तू म्हणायचीस, "बघा, पुसलं आणि काही झालं नाही." मी म्हणायचो, "काय झालं न्हाई? सदाचा डावा कान गेला त्यो?" त्याच्याजवळ गोळा फुटलेला, त्या कानानं त्याला ऐकू येत नाही. "कान तुझ्या पुसण्यानं गेला आन् बाकीचा सदा माझ्या कुंकवानं वाचला." तू म्हणायचीस, "आणि माझा पहिला नंबर तुमच्या रंगानं गेला त्याचं काय?" मी म्हणायचो, "दुसरा आला त्योच रंगानं आला. कोरडं असतं तर एका हातात पुसून मोकळी झाली असतीस, हॉल असा गप झाला नसता." त्यावर तू चहाचे कप उचलायला लागायचीस, कारण तुलाही आतनं ते माहीत होतं. सदा म्हणायचा, "अरे, कान माझा गेलाय, मला विचारा की कुणी." आपण दोघं एकदम म्हणायचो, "तुला ऐकू येत नाही, तू गप."

कावीळ झाली तेव्हाही तू भांडत होतीस. हॉस्पिटलात मी झाडपाल्याची पुडी नेली, तू डॉक्टरांच्या नावानं मला परत पाठवलंस. चार दिवसांनी डोळे पिवळे हळद झाले, तेव्हा मी परत पुडी घेऊन आलो. तू हसलीस नुसती. "ठेवा मामा, उशाखाली." घेतली नाहीस. भांडलीपण नाहीस. तेव्हाच मी काय ते समजलो.

तुला दारात ठेवलं तेव्हा रीतीप्रमाणं तुझा मळवट भरला. सवाष्ण गेली की भरतात. आत्याबाईनं भरला, तिचा हात थरथरत होता, कुंकू कपाळावर राहीना, भुवयांत आलं, कानशिलावर आलं, केसांपर्यंत पसरलं. मी खांबाला धरून उभा होतो. ते कपाळ मी आधी बघितलेलं होतं. चिंचवडच्या हॉलात, पहिल्या रांगेतनं.

गल्लीतली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "नशीबवान पोर. भरल्या कपाळानं गेली." मी तिला म्हणालो, "ऊठ. ऊठ आन् चालती हो माझ्या दारातनं. आत्ता कुठं तिशी झाली व्हती तिची, नशीब कसलं?" सगळे घाबरले. आण्णा असं बोलला म्हणून. तू असतीस तर म्हणाली असतीस, आता कळलं का मामा. नाही कळलं. कुंकवाला मी अजून मानतो. तू जिंकलीस असं समजू नकोस. पण त्या म्हातारीचं ते बोलणं मला सहन झालं नाही, एवढं खरं.

आता ते सांगतो, मी का उठलो नाही ते.

माझा बाप गेला तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. माझ्या आईचं कुंकू नदीवर पुसलं. ती पुसू देत नव्हती. दोघींनी तिचे हात मागं धरले, एकीनं केस धरून मान वर केली, आणि तिसरीनं पुसलं. ती ओरडत होती, "मी पुसती, मला सोडा, माझी मी पुसती." कुणी सोडलं नाही. ती पुढं चाळीस वर्षं जगली, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलली नाही. मीही नाही बोललो, बायकोशीसुद्धा नाही. त्या दिवशी खिडकीशी तू वत्सलाकाकींचं सांगत होतीस तेव्हा मी बाहेर का बघत होतो, ते हे.

आणि रविवारी तू म्हणालीस, हात लावू नका, आणि बायका थांबल्या. पोरी, माझ्या उभ्या आयुष्यात मी त्या बायका थांबलेल्या पहिल्यांदा बघितल्या. मागं पोरं हसत होती, रंग जात नव्हता, तू उभी होतीस. माझ्या मनात सदा नव्हता, अपशकुन नव्हता. एवढंच होतं की असलं माणूस माझ्या घरात पाहिजे.

तू शेवटपर्यंत समजत राहिलीस की मी शब्दाला बांधलेला म्हणून तुझ्या दारात आलो. नाहीतर अपशकुन फेडायला आलो. मी तसंच सांगत आलो, दोन्ही. ते खोटंही नव्हतं. पण त्यासाठी मी नव्हतो आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आक्का तळवड्याहनं निघायच्या आत, मी सायकल बाहेर काढली. तुझ्या आत्याबाईला म्हणालो, करंडा घे आन् मागं बस. बावन्न वर्षांचा मी, बायकोला सायकलच्या मागं बसवून गावातनं कधी नेलं नव्हतं. लोक दातवण चघळता चघळता थांबले. ती पदर तोंडात धरून बसली होती, मी कुणाकडं बघितलं नाही. भोसरीवरनं कासारवाडीपर्यंत एकदाही उतरलो नाही.

तू चाळीच्या नळाशी बसली होतीस, खोबरेलाची वाटी घेऊन, फडक्यानं कपाळ घाशीत. रात्रभर घासलं असणार, कातडी सोलल्यासारखी झाली होती, आणि तरी सगळं लाल. आम्हाला बघून उठलीस. माझ्या हाताकडं बघितलंस, नारळ आहे का म्हणून. तुझा बाप दारात आला आणि तिथंच भिंतीला टेकला.

आत्याबाईनं करंडा उघडला. तुझी हनुवटी धरून तोंड वर केलं, आणि घुटमळली. माझ्याकडं वळून म्हणाली, "अवो, ह्यो रंग आदी पुसून घेऊ का?"

मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे. त्याच्यावरच लाव."